गोठ्याशेजारची जीप

जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांवर कडब्याच्या गंजीआड एखादी जुनी जीप हमखास दिसते. आमच्याही मळ्यात एक आहे. १९४९ साली माझगावला विलीज जीप जोडल्या जाऊ लागल्या, त्याच घराण्यातली. भंगारवाला किलोचा भाव सांगतो. पण अब्बांनी तिच्यातून मंचरला नेलेला कांदा काट्यावर कसा चढवायचा? अन् रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचवलेल्या बाळंतिणी?

गाडी जपायची तर आधी तिचे शत्रू ओळखावेत. पावसाइतकीच वाईट खताची गोणी. युरिया, पोटॅश हवेतली ओल ओढतात आणि पत्रा खातात. कोंबड्यांची घाण रंग जाळते, उंदीर वायरी कुरतडतात. ताडपत्री घट्ट आवळू नये, आत दमट हवा कोंडते. चाके उचलून गाडी ठोकळ्यांवर ठेवावी, बॅटरी सोडवावी. वर्षानुवर्षे उभ्या इंजिनाला एकदम सेल मारू नये. शिळे पेट्रोल काढावे, प्लग काढून सिलिंडरात थोडे तेल सोडावे, दोन दिवस मुरू द्यावे, मग हँडलने हळूहळू फिरवावे.

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरील, मूळ रूपातल्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. रोजच्या वापराला किंवा भाड्याला मात्र ती गाडी चालत नाही. म्हणून रंगरंगोटीआधी आरसी बुक शोधावे आणि मूळचे सुटे भाग फेकू नयेत.

अब्बा आता ऐंशीचे आहेत. त्यांना ती एकदा धडधडताना ऐकायची आहे. पावसाळ्याआधी छपराची गळती काढली, की इंजिनाला हात घालणार आहे.