सनद मिळाल्यानंतरची पहिली तीन वर्षे



आपल्या मुलामुलींपैकी जे कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडत आहेत, त्यांनी पहिले काम कोणते धरावे, याविषयी मला आज बोलावयाचे आहे. मुले समोर बसली आहेत, तथापि माझा रोख अधिक त्यांच्या आईवडिलांकडे आहे. घराण्यातील पहिला पदवीधर निर्माण झाला की निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न सुरू होतो, पगार केव्हा येणार? ज्यांनी अंगावरचा दागिना मोडून फी भरली, त्यांस हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु त्या प्रश्नाच्या घाईत मुलाने पहिल्याच महिन्यात केलेली निवड पुढे कोठे आडवी येते, हेही आपण समजून घेतले पाहिजे.

बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पूर्ण वेळ पगारी नोकरी करणाऱ्यास त्या काळात वकिली करता येत नाही; सनद स्थगित ठेवावी लागते. आता दुसरी गोष्ट पाहा. दिनांक २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या प्रवेशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली, आणि ती वर्षे तात्पुरत्या सनदेपासून मोजावीत असे ठरविले. म्हणजे ज्या मुलीस न्यायाधीशाच्या आसनाची आकांक्षा आहे, तिने एखाद्या कंपनीत तीन वर्षे चांगला पगार घेतला, तरी या हिशेबात ती वर्षे बहुधा शून्य ठरतील. प्रत्यक्ष जाहिरात निघेल तेव्हा त्यातील अटी अक्षरशः वाचाव्यात, हे सांगावयास नकोच.

मग नोकरी करूच नये काय? असे मी म्हणत नाही. बडोद्यास राहावयास घरही मिळेना, म्हणून १९१७ साली बाबासाहेबांस तेथील नोकरी सोडावी लागली. पुढे १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, आणि १९२० मध्ये ते पद सोडून लंडनला अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करावयास गेले. त्या पगारातून त्यांनी पुढची वाट बांधली. घरची निकड असेल तर नोकरी अवश्य धरावी. मात्र ती कशासाठी व किती दिवस, हे घरातील सर्वांनी बसून आधी ठरवावे.

ज्यास वकिलीच करावयाची आहे, त्याची अडचण निराळी आहे. वकिलाच्या मुलास अशील, कचेरी, पुस्तकांचे कपाट, सारे आयते मिळते. आपल्या मुलास कोर्टाच्या आवारात नावाने हाक मारणाराही कोणी नसतो. त्याचे सारे भवितव्य ज्येष्ठ वकिलाच्या निवडीवर असते, आणि ही निवड आपण बहुधा पाटीवरील नाव पाहून करतो! नाव पाहू नका. त्या कचेरीत एक वर्ष काढलेल्या कनिष्ठास गाठा आणि विचारा, 'तू स्वतः किती कैफियती लिहिल्यास? साक्षीदारास प्रश्न विचारण्यास तुला एकदा तरी उभे केले काय?' काही कचेऱ्यांत दोन वर्षे केवळ मुदतीचे अर्ज देणे, तारखा घेणे आणि नकलांसाठी खिडकीशी उभे राहणे एवढेच काम मिळते. दुसरीकडे ज्येष्ठ वकील तुमच्या मसुद्यावर तांबड्या शाईने रेघा ओढतात आणि प्रत्येक रेघेचे कारण सांगतात. तेथे दोन पैसे कमी मिळाले तरी जावे. माझ्या मते उच्च न्यायालयाच्या मोहापेक्षा तालुक्याचे कोर्ट नवशिक्यास अधिक शिकविते. तेथे उभे राहून बोलण्याची पाळी लवकर येते.

पैशाविषयी मौन मात्र नको. भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठांस शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये किमान विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती सक्ती नव्हे. तरी बोलणे काढण्यास आधार आहे. पहिल्याच भेटीत विचारावे. जो ज्येष्ठ रात्री नऊपर्यंत राबवून घेतो आणि जाण्यायेण्याचे भाडेही देत नाही, त्याची विद्वत्ता कितीही थोर असो, त्यास नमस्कार करून दुसरे दार ठोठवावे. यात उद्धटपणा नाही. सनदेच्या शुल्काचेही तसेच. ३० जुलै २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कायद्यात ठरलेल्या रकमेपलीकडे नोंदणीसाठी काही घेता येणार नाही. ही रक्कम सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास १२५ रुपये आहे.

आणखी एक वाट आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. २०२२ च्या योजनेप्रमाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गरीब आरोपींचा बचाव करणारे वकील मानधनावर नेमले जातात, आणि त्यांतील साहाय्यकाच्या जागेस शून्य ते तीन वर्षे वकिली झालेले उमेदवार चालतात. त्या काळात खाजगी खटले घेता येत नाहीत. परंतु वर्षभरात जितके फौजदारी काम हातून जाते, तितके खाजगी कचेरीत क्वचितच मिळेल. जिल्हा न्यायालयाच्या फलकावर जाहिरात लागते, तिच्यावर नजर ठेवा.

आईवडिलांकडे माझे मागणे एवढेच की, मुलाचे जेवण, गाडीभाडे आणि एक काळा कोट यांचा तीन वर्षांचा खर्च आजच वहीत मांडावा. कितीजण तो उचलू शकतात, कोण किती देतो, हे बोलून घ्यावे. मुलांनीही एक रोजनिशी ठेवावी. कोणत्या कोर्टात, कोणत्या कामात आपण हजर होतो, याची नोंद त्याच दिवशी करावी. तीन वर्षांनंतर अनुभवाचा दाखला मागावयास जाल, तेव्हा ती वही बरोबर न्या.