कुंडीतली कीड

ज्याच्या वाट्याला अंगण येत नाही तो सज्जात चार कुंड्या मांडतो. मुंबईच्या चाळीपासून दिल्लीच्या सरकारी वसाहतीपर्यंत आणि इंदूर-बडोद्यापासून बंगळूरपर्यंत, मराठी घर म्हटले की एक तुळस, एक जास्वंद, कढीलिंबाचे एखादे रोप आणि जमल्यास मोगरा, एवढा परिवार बहुधा असतोच. या परिवारावर कीड पडली म्हणजे गृहस्थ बाजारातून औषधाची बाटली आणतो. 'औषध' हा शब्दच येथे फसवा आहे. बाटलीत असते ते विष. आणि शेतात ते मोकळ्या वाऱ्यावर फवारले जाते, तर येथे स्वयंपाकघराच्या खिडकीपासून दोन हातांवर. शिवाय तुळशीचे पान तीर्थात पडते आणि कढीलिंबाचे फोडणीत. तेव्हा विषावाचून निभावेल काय, हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही.

कुंडीतील झाड पिंजऱ्यातल्या पाखरासारखे परावलंबी असते. आपण देऊ तेच त्याने खावे. उत्साहाच्या भरात आपण नत्राचे खत अधिक घालतो, पालवी मऊ आणि रसाळ फुटते, आणि नेमका तिच्यावरच मावा जमतो. म्हणजे हा पाहुणा पुष्कळदा आपणच जेवायला बोलावलेला असतो!

मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड ही मंडळी झाडाचा रस शोषतात आणि त्यातील अधिकची साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात. मुंग्यांना हा गोडवा प्रिय. गवळ्याने गाई राखाव्यात तशा त्या किडीला राखतात आणि तिच्या वैऱ्यांना हाकलून लावतात. म्हणून जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली की पानामागे काय चालले आहे ते पाहावे. पूर्वी दुधातुपाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवीत. कुंडी तिवईवर ठेवून हीच युक्ती योजावी, आणि फांदी भिंतीला किंवा कठड्याला टेकू देऊ नये. वाट्यांतील पाणी मात्र दर दोनतीन दिवसांनी बदलावे, नाहीतर एक कीड घालवून डास पाळल्यासारखे होईल.

मुंग्या हटल्या की किडीच्या वैऱ्यांना वाट मोकळी होते. त्यांतील एकाची हकीकत सांगण्याजोगी आहे. क्रिप्टोलेमस नावाचा भुंगेरा 1898 साली ऑस्ट्रेलियातून दक्षिण हिंदुस्थानात आणला गेला तो कॉफीवरील हिरव्या खवले किडीच्या बंदोबस्तासाठी. ते काम त्याला फारसे साधले नाही. पण पिठ्या ढेकणावर त्याने असा हात चालवला की आज द्राक्षबागायतदारही त्याला मुद्दाम सोडतात. नेमणूक एका कामावर आणि उपयोग दुसऱ्याच कामावर, हा प्रकार आम्हां सरकारी नोकरांस नवा नाही. मात्र या भुंगेऱ्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झालरीने मढलेली असते, आणि पाहणाऱ्यास ती पिठ्या ढेकणासारखीच भासते. चांगले आठवड्याचे काम करणारा हा मित्र कित्येक घरी शत्रू समजून चिरडला जातो. ओळख सोपी आहे. ढेकूण लहान आणि जवळजवळ एका जागी चिकटलेला. अळी त्याच्या दुपटी-तिपटीने लांब आणि चपळ.

वैरी यायला वेळ लागतो. तोवर पाण्याची जोरदार धार पानांच्या मागील बाजूस मारावी. माव्याचा बराचसा भाग तेवढ्यानेच जातो. उन्हाळ्यात, कोरड्या हवेत, लाल कोळी झपाट्याने वाढतो. त्यालाही हा ओलावा मानवत नाही. उरलेल्या किडीवर लिटरभर पाण्यात चमचाभर सौम्य साबण विरघळवून फवारावा. साबण अंगाला लागला तरच कीड मरते, म्हणून वरवरचे शिंपण व्यर्थ होय. आधी एका पानावर प्रयोग करून दिवसभर थांबावे, आणि भर उन्हात फवारू नये.

आणि कडुनिंब. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत डॉ. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 च्या सुमारास दाखवून दिले की निंबोळीच्या गराचे पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावीत नाहीत. घरासाठी वाळलेल्या निंबोळ्यांची पन्नास ग्रॅम पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, फडक्यातून गाळावी, किंचित साबण मिसळावा आणि सायंकाळी फवारावी. उन्हाने तिचा गुण लवकर ओसरतो. म्हणून अर्क साठवून ठेवण्यात अर्थ नाही. किडे तत्काळ मरून पडतील अशीही अपेक्षा नको. त्यांची भूक मंदावते, कात टाकणे बिघडते, आणि आठदहा दिवसांत संख्या उतरू लागते. फवारा पुन्हा द्यावा लागतो.

तंबाखूच्या पाण्याचा सल्ला मात्र कोणी दिला तरी मानू नये. ते झाडापासून आलेले असले तरी निकोटीन हे जहाल विष आहे, आणि तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला विषाणुरोगही जडू शकतो. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समज बाटलीवरील 'औषध' या शब्दाइतकाच फसवा.

राहता राहिल्या कढीलिंबावरच्या आणि लिंबावरच्या अळ्या. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, पुढे हिरव्यागार. त्या हाताने वेचता येतात. झाड थोराड असेल तर दोन तशाच राहू द्याव्यात. काही दिवसांत त्यांची पिवळ्या-काळ्या नक्षीची फुलपाखरे होतात, आणि चार पाने त्यांच्यासाठी खर्ची पडली तर फोडणीला काही उणे पडत नाही.