भाजी आवडत नाही, की निवडायचा कंटाळा येतो?

 

आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढचा एपिसोड लावतील, म्हणून आधीच सांगून टाकते. 'भाज्या खा, आरोग्य सांभाळा' असलं व्याख्यान आज नाहीये. ते आपल्याला शाळेपासून पाठ आहे. भाजी चांगली असते हे माहीत नसलेला माणूस मला अजून भेटायचाय. मग सगळं माहीत असूनही आपल्या ताटात भाजी चमचाभरच का असते? आज त्याबद्दल बोलू.

गंमत बघा. आपल्या जेवणाचं नावच मुळी 'पोळी-भाजी'. नावात अर्धा वाटा भाजीचा. ताटात मात्र पोळ्या तीन आणि भाजी पोळीला लावण्यापुरती. त्यातही आठवड्यातले दोन-तीन दिवस बटाटाच!

मग हवी तरी किती? हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था भारतीयांसाठी आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढते. २०२४ च्या सूचनांमध्ये दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाचं ताट दिलंय. त्यात ४०० ग्रॅम भाज्या आहेत आणि वर १०० ग्रॅम फळं. जागतिक आरोग्य संघटना भाज्या आणि फळं मिळून किमान ४०० ग्रॅम म्हणते, आणि बटाटा-रताळं त्यात धरत नाही. का? तर त्यात मुख्यतः पिष्ट असतं, पोळी-भातासारखंच. म्हणजे पोळी आणि बटाट्याची भाजी हा झाला पोळीबरोबर अजून एक पोळी खाण्याचा प्रकार. बटाट्याशी माझं भांडण नाही हं. फक्त त्याला भाजीच्या हिशेबात धरू नका.

४०० ग्रॅम ऐकून दचकू नका. एक मध्यम काकडी, एक गाजर, एक टोमॅटो. झाले पाव किलो, थोडे जास्तच. तेही गॅस न पेटवता.

खरी अडचण कुठे आहे?

आता मुद्द्यावर येऊ. आपल्याला वाटतं की भाजी आवडत नाही म्हणून खाल्ली जात नाही. पण हॉटेलात पावभाजी कोण सोडतं? त्यात फ्लॉवर, मटार, सिमला मिरची, टोमॅटो सगळं असतं. हुरड्याच्या दिवसांत वांग्याचं भरीत समोर आलं तर आपण बोटं चाटून खातो. चव ही अडचण असते, पण थोडीच.

खरी अडचण म्हणजे काम. मेथीची एक जुडी डोळ्यांसमोर आणा. जुडी सोडा, मुळं कापा, पानं खुडा, पिवळी पानं बाजूला काढा, माती जाईपर्यंत तीन पाण्यांतून धुवा, मग चिरा. अर्धा तास गेला. कढईत टाकली की ढीगभर मेथी आक्रसून मूठभर होते, आणि दोन मिनिटांत संपते. याउलट बटाटा. धुतला, कुकरला लावला, झालं. दमून आठ वाजता रूमवर आलेला माणूस काय करणार? एकतर बटाटा, नाहीतर वडापाव.

म्हणून 'उद्यापासून भाज्या खाणार' असा निश्चय टिकत नाही. निश्चय संध्याकाळी दमतो. त्यापेक्षा काम कमी कसं होईल, ते बघायचं. आता जे सांगणार आहे ते सगळं याच हिशेबाने.

एक: जेवण गरम होईपर्यंत

सगळ्यात जास्त भूक जेवणाआधीच्या दहा मिनिटांत असते. त्या वेळी हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. तिथे काकडी, गाजर, मुळा किंवा टोमॅटो ठेवा. धुवा, कापा, मीठ-तिखट भुरभुरवा आणि उभ्या उभ्या खा. 'सॅलड' म्हणून सजवत बसू नका. आधी धुवा आणि मग चिरा, एवढं मात्र पाळा. चिरून धुतलं की पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं पाण्याबरोबर जातात.

दोन: वेगळी भाजी करूच नका

रोज जे करताच त्यात भाजी ढकला. कुकरमध्ये डाळ लावताय? त्यातच लाल भोपळ्याच्या, दुधीच्या फोडी टाका. पालक असेल तर फोडणीत परतून वर घोटलेली डाळ ओता. आमटीत शेवग्याच्या शेंगा सोडा. पोहे करताय? मूठभर मटार, किसलेलं गाजर, बारीक फ्लॉवर. थंडीबाहेरच्या दिवसांत फ्रोजन मटार वापरले तरी चालतील, त्यात कमीपणा नाही. अंडा भुर्जीत सिमला मिरची आणि चिरलेला पालक छान जातो. आणि हो, मॅगीसुद्धा! पातेल्यात आधी वाटीभर कोबी-गाजर शिजू द्या, मग मॅगी टाका.

ही काही नवी युक्ती नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी आठवा. वांगं, गाजर, पावटे, हरभऱ्याचे सोलाणे, शेतात त्या वेळी जे असेल ते एका पातेल्यात, तिळाचं कूट लावून, बाजरीच्या भाकरीबरोबर. तशी भाजी वर्षातून एकदाच करायची असा काही नियम नाही. शुक्रवारी फ्रीजमध्ये अर्धं वांगं, दोन गाजरं, चार घेवड्याच्या शेंगा उरल्या असतील तर तुमची भोगी शुक्रवारी.

तीन: कडू-उग्र चवीवर जुने उपाय

मेथी कडू लागते, शेपूचा वास येतो, अशी तक्रार असते. आपल्या घरांमध्ये याची उत्तरं कधीच शोधून झालीयेत. शेपूत भिजवलेली मूगडाळ घाला. मेथीत दाण्याचं कूट घाला, नाहीतर बेसन पेरा. कोबी शिजवल्यावर आवडत नसेल तर कच्चा बारीक चिरून पचडी करा. लिंबू, मीठ, साखर, दाण्याचं कूट आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. पाच मिनिटांचं काम. काहीच जमत नसेल तर थालीपिठाच्या भाजणीत किसलेला दुधी आणि चिरलेली मेथी मळा. थालीपिठाला नाही म्हणणारा माणूस विरळा.

एक छोटी गोष्ट लक्षात ठेवा. पालेभाजीतलं लोह शरीरात नीट शोषलं जायला क जीवनसत्त्व मदत करतं, म्हणून वर लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटं होतं, लोह कमी शोषलं जातं. चहा तासाभराने घ्या.

चार: मेसवाल्यांसाठी

सदाशिव पेठेत अभ्यास करणारी मंडळी म्हणतील, ताई, आमच्या हातात काय आहे? मेसमध्ये जे येईल ते. बरोबर आहे. तरी दोन गोष्टी हातात आहेत. पहिली, दुसऱ्यांदा वाढायला आले की पोळीआधी भाजी मागा. दुसरी, येताना एक काकडी किंवा दोन टोमॅटो घेऊन या. सुरी लागत नाही, भांडं लागत नाही. मित्रांनी हसू दे. आठवड्याभरात तेच तुमच्याकडे फोड मागतील.

पाच: निवडायचं कोणी?

आता जरा टोचणारं बोलते.

घरी राहणाऱ्यांच्या ताटात थोडीफार भाजी असते. ती कुठून येते? रात्री मालिका बघताना मांडीवर सूप किंवा ताट घेऊन कुणीतरी गवार मोडत असतं. बहुतेक घरांत ती आई असते, आजी असते, वहिनी असते. बाकीचे शेजारी बसून मोबाइलवर रील्स बघतात. मग ताटात आलं की म्हणतात, 'आज पुन्हा गवार?'

सकाळी डबा, दिवसभर नोकरी, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. त्या बाईने बुधवारी बटाटा केला तर तो तिचा आळस नव्हे. तिच्याकडे तो अर्धा तास शिल्लकच नव्हता. त्यामुळे 'आमच्या घरी भाज्या कमी असतात' असं म्हणण्याआधी विचारा, निवडायला किती हात आहेत?

म्हणून आजचा सगळ्यात सोपा उपाय रेसिपीचा नाहीच. रविवारी सकाळी भाजी आणा आणि स्वतः निवडायला बसा. मुलगा असा, मुलगी असा. यासाठी स्वयंपाक येण्याची गरज नाही. गवार मोडायला, मटार सोलायला, मेथी खुडायला दोनच हात लागतात, आणि कान रिकामे राहतात. हा एपिसोड चालू ठेवून एक जुडी निवडून होते!

निवडलेली पालेभाजी न धुता, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. ती दोन-तीन दिवसांत संपवा आणि करायच्या वेळी धुवा. ओली ठेवली तर सडते. फरसबी, गवार मोडून ठेवली की बुधवारी संध्याकाळी फक्त फोडणी द्यायची राहते. बटाट्याइतकीच सोपी. आणि दोडक्याच्या शिरा टाकू नका, तीळ घालून खरपूस चटणी होते.

एक सूचना जाता जाता. घरात कुणाला मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्यांच्या जेवणातल्या भाज्या अचानक वाढवू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

तर या आठवड्यासाठी एवढंच: एक जुडी, तुमच्या हाताने निवडलेली. कुठली ते बाजारात जाऊन ठरवा. तांदुळजा, चाकवत, अंबाडी, चुका, जी ताजी आणि स्वस्त दिसेल ती घ्या. नाव माहीत नसेल तर विकणाऱ्या मावशींना विचारा, कशी करायची तेही त्या सांगतील.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि ऐकता ऐकता निवडत राहा!