वडीलधाऱ्यांची नवी मुळाक्षरें



पस्तीस वर्षें मीं मुलांना मुळाक्षरें शिकविलीं. पाटीवर अक्षर काढतांना एखाद्या मुलाचा हात थबकला, कीं त्याची पेन्सिल घेऊन तें अक्षर आपणच काढून द्यावें, असा मोह शिक्षकास होतो. अक्षर सुरेख उमटतें, वर्ग पुढें सरकतो; मुलाला मात्र तें अक्षर येत नाहीं. निवृत्त झाल्यावर मी मोबाइलचीं मुळाक्षरें गिरवूं लागलों, तेव्हां या मोहाची दुसरी बाजू मला कळली. आज त्याविषयीं चार शब्द घरोघरच्या कर्त्या मुलामुलींना सांगावयाचे आहेत.

मोबाइलवांचून आतां पावलोपावलीं अडतें. २०१६ सालीं यूपीआय सुरू झालें आणि पाहतां पाहतां भाजीच्या गाडीवरहि क्यूआरची चौकट लटकूं लागली. निवृत्तिवेतन घेणाऱ्यास दर वर्षीं हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठीं २०१४ सालीं ‘जीवन प्रमाण’ ही सोय निघाली, आणि २०२१ पासून फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनहि तो दाखला देतां येतो. ज्याचे गुडघे दुखतात, त्याची बँकेंतील खेप चुकविणारी ही सोय लहान नव्हे. परंतु ज्याला ती वापरतां येत नाहीं, त्याला आपण जिवंत आहों हें सिद्ध करण्यासाठींहि मुलाच्या सुटीची वाट पाहावी लागते.

घरोघर काय चालतें? वडील विचारतात, “अरे, हा फोटो आत्याला कसा धाडायचा?” चिरंजीव म्हणतात, “द्या इकडे, मी करून देतों.” क्षणांत फोटो जातो. काम होतें, शिक्षण होत नाहीं. तिसऱ्या वेळीं, “परवांच सांगितलें होतें ना!” हें वाक्य ऐकूं येतें; आणि चौथ्या वेळीं वडील विचारीतच नाहींत.

हें न विचारणें किती महाग पडतें, तें स्वानुभवानें सांगतों. एके दुपारीं मला फोन आला. आपला हयातीचा दाखला अपुरा आहे, निवृत्तिवेतन थांबेल, असें अदबीनें सांगून त्या गृहस्थानें माझ्याकडून ओटीपीचे आंकडे वदवून घेतले. पांच मिनिटांत खात्यांतून अठरा हजार रुपये गेले. मुलगा शेजारच्याच खोलींत काम करीत होता. तरी मी उठून गेलों नाहीं. “तुम्हांला हजारदां सांगितलें होतें,” हे शब्द मला आधींच ऐकूं येत होते. दोन दिवस ती गोष्ट मीं पोटांत ठेविली. तिसऱ्या दिवशीं बोललों आणि १९३० या क्रमांकावर तक्रार झाली; पण तोंवर पैसे या खात्यांतून त्या खात्यांत फिरून नाहींसे झाले होते. तक्रार तत्काळ झाली, तर ते वाटेंतच अडविले जाण्याचा संभव असतो. मुलगा रागावला नाहीं. तो एवढेंच म्हणाला, “बाबा, त्याच वेळीं हांक कां मारली नाहीं?” मला उत्तर देतां आलें नाहीं. पैसे ठकानें नेले हें खरें. पण ते परत मिळण्याची वेळ माझ्या लाजेनें घालविली. माझ्या धाकानें वर्गांत किती मुलांनीं शंका गिळल्या असतील, हेंहि त्या दिवशीं मनांत आलें.

म्हणून शिकविण्याची रीत सांगतों. फोन नेहमीं शिकणाऱ्याच्या हातांत असावा. शिकविणाऱ्यानें आपले हात पाठीमागें ठेवावे. प्रारंभींच पडद्यावरील अक्षरांचा आकार मोठा करून द्यावा. वयपरत्वें बोट कोरडें पडतें, किंचित् कांपतें, दाब लांबतो. आणि हलकी टिचकी व लांब दाब या फोनला दोन निराळ्या आज्ञा वाटतात. ही चूक बुद्धीची नसून बोटाची आहे, हें समजावून द्यावें. एका बैठकींत एकच गोष्ट घ्यावी, आणि तीहि त्यांना हवी असलेली. जिला भजनें ऐकावयाचीं आहेत, त्या आईला प्रथम बँकेचा धडा देऊं नये. अक्षरें टिपणें जमत नसेल, तर माइकचें चित्र दाबून मराठींत बोलावें. अक्षरें आपोआप उमटतात. पायऱ्या त्यांनींच आपल्या हातानें वहींत लिहाव्या, आणि दुसऱ्या दिवशीं तीच गोष्ट आपण न सांगतां त्यांना करूं द्यावी. पिन मात्र त्या वहींत लिहूं नये.

पैशांचा धडा घरांतल्या घरांत एक रुपया पाठवून गिरवावा. त्याबरोबर तीन वाक्यें पाठ करून घ्यावीं. पिन पैसे देण्यासाठीं लागतो, घेण्यासाठीं कधींच लागत नाहीं. ओटीपी फोनवर कोणासहि सांगावयाचा नसतो. आणि फोनवरून ‘डिजिटल अटक’ करण्याची तरतूद आपल्या कायद्यांत नाहीं.

परंतु याहून मोठा धडा मुलांनींच शिकावयाचा आहे. आजच आईवडिलांना शब्द द्या, कीं कांहीं विपरीत घडलें, तर प्रथम आम्हांला हांक मारा. आम्ही हातांतलें काम टाकून येऊं, आणि रागावणार नाहीं. हा शब्द मात्र पाळावा लागेल. तो एकदां मोडला, कीं पुन्हां हांक येणार नाहीं.

गेल्या नोव्हेंबरांत हयातीचा दाखला मीं स्वतः घरबसल्या दिला. मुलगा शेजारीं हात पाठीमागें घेऊन बसला होता. दोन वेळां चेहरा नीट टिपला गेला नाहीं. तिसऱ्या वेळीं दाखला गेला. तेवढ्या वेळांत त्याला तो दहादां देतां आला असता. पण तो थांबला. आपणहि आपल्या घरीं असेच थोडें थांबावें, एवढी विनंति करून आपली रजा घेतों.