एक ओढा, दोन राज्ये आणि एक गाव



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांच्या हाताखाली मी भूगोल शिकलो. फळ्यावर नकाशा काढण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती. आधी डोंगर, मग निळ्या खडूने नद्या, मग गावे, आणि सर्वांत शेवटी तुटक रेषेने राज्याची सीमा. सीमा शेवटी का, असे आमच्यापैकी एकाने विचारले, तेव्हा ते म्हणाले, “अरे, माणसानेही ती शेवटीच काढली आहे.” त्या वाक्याचा पूर्ण अर्थ मला फार उशिरा, आणि तोही दूर देशातील एका खेड्याचा इतिहास वाचताना कळला. आज त्या खेड्याची हकीकत मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

त्या खेड्याचे नाव म्योडलारॉइट. जर्मनीच्या जवळजवळ मध्यभागी, होफ आणि प्लाउएन या शहरांच्या दरम्यान, फोग्टलांड नावाच्या डोंगराळ मुलखात ते वसले आहे. वस्ती जेमतेम पन्नास माणसांची. नावातील ‘रॉइट’ हा शेवट त्या भागात जागोजागी आढळतो. वाग्नरच्या संगीतोत्सवामुळे जगाला ठाऊक झालेले बायरॉइट हे त्याचेच मोठे उदाहरण. रान तोडून वहितीखाली आणलेली जमीन, असा त्याचा अर्थ. म्हणजे मध्ययुगात येथे दाट अरण्य होते आणि कुणब्यांनी कुऱ्हाड चालवून ही गावे वसवली, हे नावच सांगते.

हवामान कठोर. होफच्या परिसराला लोक थट्टेने ‘बव्हेरियाचा सैबेरिया’ म्हणतात. हिवाळा लांब आणि जमीन हलकी असल्याने राय, ओट आणि बटाटा ही येथली जुनी पिके. याच परिसरातील पिल्ग्राम्सरॉइट या गावी १६४७ च्या सुमारास शेतात बटाटा लावला गेला, आणि जर्मनीतील बटाट्याच्या शेतीच्या अगदी जुन्या नोंदींत तिची गणना होते. बेळगावच्या श्रोत्यांना बटाट्याचे मोल वेगळे सांगायला नको!

गावाच्या मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो. मोठ्या माणसाने उडी मारली तर ओलांडता येईल, एवढाच. गावातील घरे त्याच्या दोन्ही काठांवर आहेत. १८१० साली होफचा प्रदेश बव्हेरियाच्या राज्याकडे आला. ओढ्यापलीकडे रॉइस घराण्याचे छोटे संस्थान होते. दोन्ही सरकारांनी ओढ्याच्या काठाने सीमेचे दगड रोवले. एका अंगाला बव्हेरियाच्या राज्याची आद्याक्षरे, दुसऱ्या अंगाला रॉइस संस्थानाची. गावाचे दक्षिण अंग एका राज्यात गेले आणि उत्तर अंग दुसऱ्या राज्यात. पुढे १९२० साली रॉइसचा प्रदेश थुरिंगिया या नव्या राज्यात विलीन झाला, पण रेषा तीच राहिली.

आता मला ज्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधायचे आहे ती अशी की, या रेषेमुळे गाव मोडले नाही. सारा भरायचा तो आपापल्या सरकारला, पण गावाची शाळा एकच होती, आणि ती थुरिंगियाच्या बाजूला होती. बव्हेरियाची मुले ओढा ओलांडून तेथे शिकत. संध्याकाळी चार माणसे बसत ते खानावळवजा मद्यगृहही त्याच बाजूला होते. प्रार्थनेसाठी मात्र दोन्ही काठांची माणसे बव्हेरियातील ट्योपेन गावच्या चर्चमध्ये जात.

जर्मन खेड्याच्या घडणीत या चर्चचे स्थान समजून घेतले पाहिजे. एक चर्च आणि त्याच्याशी बांधलेली आसपासची गावे व वाड्या मिळून जो घटक होतो त्याला पॅरिश म्हणतात. होफचा मुलूख सोळाव्या शतकापासून ल्यूथरपंथीय. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या तिन्हींची नोंद पाद्री आपल्या वहीत ठेवत असे. सरकारी जन्ममृत्यूची दप्तरे फार पुढची. त्यामुळे माणूस कोणत्या राजाचा, यापेक्षा तो कोणत्या पॅरिशचा, हे गावाला अधिक जवळचे होते. राजे बदलले, पण घंटेचा आवाज तोच राहिला. सुमारे एकशे पस्तीस वर्षे म्योडलारॉइट दोन राज्यांत असूनही एक गाव म्हणून नांदले, ते शाळा, चर्च आणि सोयरीक या तीन धाग्यांवर.

मग घात कोठे झाला? १९४४ च्या सप्टेंबरात दोस्त राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी लंडनमध्ये बसून पराभूत जर्मनीचे विभाग ठरवले. त्यासाठी त्यांनी जुन्या प्रांतिक सीमाच आधाराला घेतल्या. पन्नास वस्तीच्या या गावाचा विचार तेथे कोण करणार? बव्हेरिया अमेरिकेकडे गेला, थुरिंगिया सोव्हिएत रशियाकडे. रॉइस आणि बव्हेरिया यांच्या कारकुनांनी आखलेली ओढ्याकाठची रेघ एकाएकी दोन महासत्तांमधील सीमा झाली.

आरंभी परवाना दाखवून ओढा ओलांडता येई. १९४९ साली दोन जर्मन राष्ट्रे अस्तित्वात आली आणि २६ मे १९५२ रोजी पूर्व जर्मनीच्या सरकारने सीमा बंद करण्याचा हुकूम काढला. सीमेला लागून दहा मीटरचा नांगरलेला पट्टा, त्यामागे पाचशे मीटरचा संरक्षित पट्टा, आणि त्याही मागे पाच किलोमीटरचे प्रतिबंधित क्षेत्र. ‘अविश्वसनीय’ ठरवलेल्या हजारो सीमावासीयांना त्याच जूनमध्ये घरादारासह आत हलवण्यात आले. म्योडलारॉइटमध्ये ओढ्याच्या कडेने माणसापेक्षा उंच फळ्यांचे कुंपण उभे राहिले. पुढे १९६६ साली तेथे सातशे मीटर लांबीची आणि तीन मीटरहून अधिक उंचीची काँक्रीटची भिंत बांधली गेली. अमेरिकन सैनिक या गावाला ‘छोटे बर्लिन’ म्हणू लागले. १९८३ साली अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष जॉर्ज बुश ही भिंत पाहून गेले.

शाळा पूर्वेला, चर्च पश्चिमेला. म्हणजे पश्चिमेच्या मुलांची शाळा गेली आणि पूर्वेच्या वृद्धांची घंटा गेली. ट्योपेनचे चर्च त्यांना परदेश झाले. पूर्वेच्या माणसाने पलीकडच्या नातलगाला हात हलवून खूण करणेदेखील गुन्हा ठरले. पश्चिमेला पर्यटक येऊन भिंतीपलीकडे डोकावत, आणि पलीकडच्या घरात पाहुणा यायचा तर आधी परवाना लागे. १९७३ च्या मे महिन्यात एक वाहनचालक शिडी लावून ही भिंत ओलांडून गेला. तेवढा एक अपवाद सोडला तर ती भिंत कुणी सुखरूप ओलांडली नाही. हाकेच्या अंतरावर वाढलेली दोन पिढ्यांची मुले एकमेकांशी एकदाही खेळली नाहीत.

बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ रोजी उघडली. म्योडलारॉइटला आणखी एक महिना वाट पाहावी लागली. ९ डिसेंबरला तेथे पायी जाणाऱ्यांसाठी वाट मोकळी झाली आणि १७ जून १९९० रोजी यंत्र लावून भिंत पाडण्यात आली. शंभरेक मीटरचा तुकडा मुद्दाम राखून ठेवला आहे आणि त्याभोवती आज संग्रहालय आहे.

मित्रहो, गोष्ट येथे संपत नाही. म्योडलारॉइट आजही दोन राज्यांतच आहे. उत्तर भाग गेफेल नगराकडे, दक्षिण भाग ट्योपेनकडे. दोन महापौर, दोन टपाल क्रमांक, दूरध्वनीचे दोन संकेतांक, मोटारींच्या वेगळ्या पाट्या. अभिवादनसुद्धा वेगळे, बव्हेरियाच्या काठावर देवाचे नाव घेऊन, थुरिंगियाच्या काठावर नुसते ‘शुभ दिन’. तरीही वसंतातील उत्सव सारे गाव मिळून साजरा करते. ही सीमा आता पुन्हा १८१० सालाइतकी, म्हणजे दगडावरच्या अक्षरांइतकीच उरली आहे.

आपण सीमाभागात राहणारी माणसे. सीमा या शब्दाने आपल्या मनात काय काय उठते, ते मी सांगण्याची गरज नाही. आपली परिस्थिती निराळी आहे. येथे भिंत नाही, आणि चंदगडची सोयरीक बेळगावात आजही बिनपरवाना होते. म्हणून तुलना मी करणार नाही. पण एक गोष्ट त्या खेड्याकडून घ्यावीशी वाटते. तेथे सीमा १८१० पासून होती, पण माणसांचा घात झाला तो १९५२ मध्ये, शाळेची वाट आणि चर्चची वाट बंद झाली तेव्हा. सरकारी रेषा कोठे असावी हे आपल्या हाती असते किंवा नसते. शाळेची वाट दोन्ही काठांना मोकळी ठेवणे मात्र पुष्कळसे आपल्या हाती असते. ही संस्था इतकी वर्षे तेच करीत आली आहे. ज्या मुलाला आपली भाषा शिकायची आहे त्याच्यासाठी तिचे दार उघडे राहावे, एवढेच गुरुजींच्या स्मृतीला साजेसे मागणे आहे.

नकाशातील तुटक रेषा गुरुजी शेवटी काढत, आणि तास संपला की सर्वांत आधी तीच पुसत.