सत्तेची सनद आणि निर्बंधांची कसोटी

सरकार अधिकृत कशाने ठरते? कचेरीवरील निशाणाने, की लोकांच्या संमतीने? तेव्हाच्या सातारा जिल्ह्याने, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीने, १९४३ ते १९४६ या काळात याचे उत्तर कृतीने दिले. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारला कोणत्याही राष्ट्राची मान्यता नव्हती. तरी त्याच्या न्यायदान मंडळांचा निवाडा गावे मानीत होती.

आंतरराष्ट्रीय कायदा मात्र बहुधा प्रत्यक्ष ताबाच पाहतो. ऱ्होडेशिया हा ठळक अपवाद. १९६५ मध्ये तेथील गोऱ्या अल्पसंख्याकांनी स्वातंत्र्य पुकारताच युनोच्या सुरक्षा समितीने त्यांना मान्यता देऊ नये असे बजावले आणि १९६६ मध्ये सक्तीचे निर्बंध लादले. भारताने तर १९४६ मध्येच वर्णद्वेष्ट्या दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता.

परंतु निर्बंधांचे शस्त्र दुधारी आहे. १९९० नंतर इराकमध्ये हुकूमशहा सत्तेवर राहिला. अन्न-औषधांची टंचाई सामान्यांच्या वाट्याला आली. इंग्रजांनी १९४२ मध्ये गावांवर बसविलेल्या सामुदायिक दंडाचीच ही जात. दक्षिण आफ्रिकेत बहिष्काराची मागणी खुद्द मुक्तिलढ्याने केली होती. फरक येथेच आहे. ज्या जनतेच्या नावाने निर्बंध लादायचे, तिची संमती आहे काय, हे समाजवाद्यांनी प्रथम विचारले पाहिजे. सरकारला जी कसोटी, तीच निर्बंधांनाही.