मैदानावरचे मास्तर

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या आवारात केलेले भाषण)



"खेळावर बोला, पण थोडक्यात," असं मला बजावलंय. म्हणून एकाच माणसाविषयी बोलतो. सय्यद अब्दुल रहीम. 'मैदान' चित्रपट पाहिलेल्यांना नाव ठाऊक असेल. भारतीय फुटबॉल संघाचे हे नामवंत प्रशिक्षक पेशाने कोण होते? हैदराबादचे शाळामास्तर!

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळले होते. नापास झालेल्या पोराला नुसतं रागावून भागत नाही, हे मास्तरांना पक्कं माहीत. पुढे आपल्या खेळाडूंच्या पायात बूट आले. चेंडू घोळवत न बसता झटपट पास द्यायची सवय त्यांनी लावली. लहान मुलांसाठी तर त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या, की ज्यात फक्त कमजोर पायानंच चेंडू मारायचा! १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवून भारत उपान्त्य फेरीत गेला. त्या सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा आपल्या मुंबईचा, टाटांच्या संघाचा खेळाडू.

मग १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धा. पहिलाच सामना दक्षिण कोरियाविरुद्ध २-० असा गेला. पुढे बचावफळीतल्या जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. दुसऱ्या कुणी त्याला बाकावर बसवलं असतं. रहीमसाहेबांनी त्याला आघाडीवर खेळवलं. अंतिम सामन्यात समोर पुन्हा कोरिया. आपण २-१ असे जिंकलो. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलचा! मास्तर तेव्हा कर्करोगानं पोखरलेले होते. जून १९६३ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी ते गेले. फुटबॉलमधलं आशियाई सुवर्ण आपल्याला त्यानंतर पुन्हा मिळालेलं नाही.

प्रत्येक पोराला त्याची जागा शोधून देणं, हे मास्तरांचं काम. पण आधी पोरांना जागा तर हवी! सोसायटी झाली तेव्हा मागचं आवार मोकळं होतं. आज तिथं गाड्या आहेत आणि 'खेळण्यास सक्त मनाई' अशी पाटी आहे. येत्या सर्वसाधारण सभेत त्या जागेच्या पार्किंगचा विषय आहे. गाड्यांची अडचण खरी आहे, माझीही गाडी तिथंच असते. तरी माझी विनंती आहे, की संध्याकाळी ५ ते ७ ती जागा मुलांसाठी मोकळी ठेवावी. सुरुवात म्हणून माझी गाडी उद्यापासून त्या वेळात बाहेर लावीन.

काचा फुटतील म्हणता? फुटतील की! पहिल्या काचेचे पैसे माझ्याकडून घ्या.